अस्वल होऊ की झाड? ड्रुइडचा स्पेक ठरेना, त्यात आमची लाईट रातपाळीची

केळीबाग, सावदा

रामराम मंडळी. थोडं सविस्तर लिहितो, कारण दोन ओळींत विचारलं की "जे आवडेल ते खेळ" असं उत्तर मिळतं आणि माणूस तिथंच राहतो.

आम्ही एकाच वर्गातले मित्र. दोघं जळगावला, एक भुसावळला, एक पुण्याला, आणि मी गावातच, केळीच्या बागेत. दोन वर्षांपासून वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हा ऑनलाइन खेळ एकत्र खेळतो. आठवड्यातून तीन रात्री एकमेकांचा आवाज कानावर पडतो, आमच्यासाठी खेळाचं मोल हेच आहे. मध्यंतरी आमचा टँक, म्हणजे शत्रूंचा मार स्वतःच्या अंगावर घेणारा, पुण्याचा पॅलाडिन, नोकरीतल्या शिफ्टमुळे सुटला. त्याच्या जागी माझा मामेभाऊ आला, तो मेज.

आता आमच्याकडे असे आहेत: मी ड्रुइड, आजवर माझा स्पेक (पात्राचा निवडलेला प्रकार) बॅलन्स, म्हणजे घुबड. एक होली प्रीस्ट, तो हीलर, म्हणजे बाकीच्यांचं आयुष्य भरून काढणारा. एक फ्युरी वॉरियर, एक हंटर आणि हा मेज. डन्जन म्हणजे पाच जणांची मोहीम, त्यात एक टँक, एक हीलर, तिघं मारणारे. आमच्याकडे मारणारे चार आणि टँक कुणीच नाही.

मार्ग दोन दिसतात. एक, मी गार्डियन होतो, म्हणजे अस्वल, आणि बाकी सगळे आहेत तिथंच राहतात. दुसरा, मी रेस्टोरेशन घेतो, म्हणजे झाड, प्रीस्ट शॅडोवर जाऊन मारायला लागतो आणि वॉरियर ढाल उचलून प्रोटेक्शन घेतो. पहिल्यात एकटा मी बदलतो, दुसऱ्यात तिघं.

माझी अडचण अशी. युरोपच्या सर्व्हरवर माझा पिंग, म्हणजे निरोप सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ, १९० मिलिसेकंदांच्या आसपास असतो. शेतीची थ्री फेज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रातपाळीच्या आठवड्यात मोटरचा ऑटो (मोटर आपोआप चालू करणारा स्विच) पडला की उठून विहिरीवर जावंच लागतं. मे महिन्यात केळीला एक रात्र पाणी चुकलं तर दुसऱ्या दिवशी पानं सांगतात.

मागच्या महिन्यात गरज म्हणून एकदा अस्वल होऊन डन्जन नेलं. शेवटच्या बॉसच्या आधीच्या चौकात सात-आठ मॉब, म्हणजे शत्रू, एकदम अंगावर घेतले आणि त्याच मिनिटाला बांधावरच्या काकांचा फोन आला: "तुझं पाणी बंद पडलं रे." मी खुर्चीतून उठलो तेवढ्यात अस्वल मेलं. मागोमाग प्रीस्ट, मग सगळे. डन्जनची ठरलेली वेळ संपली. कुणीही एक शब्द बोललं नाही, आणि मला तेच जास्त लागलं.

स्पेकना क्रम लावणाऱ्या नेटवरच्या याद्या बघितल्या. एकीत अस्वल वर, दुसरीत तळाला. तुम्ही काय घ्याल?

पांझराकाठ, धुळे

भाऊ, पहिले हाई सांग, तुले रातले सलग कितला येळ भेटस? बाकी बठ्ठं नंतर.

आता सगळ्यांना कळेल असं लिहिते. मी २००९ पासून हीलर आहे, त्यातली बरीच वर्षं ड्रुइड. आधी तुमच्या मनातली एक भीती काढते. स्पेक म्हणजे लग्नगाठ, असं जुने खेळाडू सांगतात ते त्यांच्या काळात खरं होतं. खेळ २००४ साली आला तेव्हा टॅलेंट बदलायला ट्रेनरकडे जावं लागायचं. पहिल्यांदा १ गोल्ड, मग ५, मग १०, असं चढत ५० गोल्डपर्यंत. तेव्हा ५० गोल्ड म्हणजे कित्येक संध्याकाळची गवतं-फुलं गोळा करण्याची कमाई. एप्रिल २००९ मध्ये दोन स्पेक जवळ ठेवायची सोय आली, त्यासाठी १००० गोल्ड मोजावे लागायचे. मी ते कसे जमवले ते मला अजून आठवतं. आज लढाई चालू नसेल तर स्पेक फुकट बदलता येतो. एक लक्षात ठेवा, मिथिक किस्टोन, म्हणजे घड्याळ लावलेलं अवघड डन्जन, एकदा चालू झाली की मग बदल नाही, आत जाण्याआधीच ठरवा. ड्रुइड हा चार स्पेक असलेला एकमेव क्लास. २०१२ मध्ये फेरलमधून गार्डियन वेगळा काढला तेव्हापासून मांजर आणि अस्वल स्वतंत्र झाले. म्हणजे तुमच्या हातात जितक्या वाटा आहेत तितक्या त्या मेजच्या हातात नाहीत.

आता सामानाचं बोलू. तुम्ही घुबड आहात, म्हणजे तुमचं शस्त्र इंटेलेक्टचं, मंत्रांना बळ देणाऱ्या गुणाचं. रेस्टोरेशनलाही इंटेलेक्टच लागतं. कातडी चिलखताचा मुख्य गुण स्पेकप्रमाणे आपोआप बदलतो, शस्त्राचा बदलत नाही. अस्वलाला अॅजिलिटीचं, म्हणजे चपळाईचं शस्त्र हवं. याचा अर्थ झाड व्हायला तुम्हाला आज रात्री काहीही मिळवावं लागणार नाही, अस्वल व्हायला लागेल. मागच्या वेळी गरजेपोटी अस्वल झालात तेव्हा हातात काय होतं ते एकदा बघा. माझा अंदाज आहे की घुबडाचीच काठी होती, आणि तुम्ही इतक्या लवकर पडण्यात तिचाही वाटा होता.

आणि मुख्य गोष्ट. तुम्ही केळीवाले आहात, तर पाण्याच्या भाषेत सांगते. होली प्रीस्टचं हीलिंग बरंचसं पाटपाण्यासारखं: कुणी सुकलं, की दार फोडून एकदम सोडायचं. ड्रुइडचं हीलिंग ठिबक आहे. रिज्युव्हेनेशन टाकलं की थेंब थेंब पडत राहतं, लाइफब्लूम टँकवर चालू ठेवायचं, वाइल्ड ग्रोथने एकदम सगळ्यांच्या बुंध्याशी नळी. मार बसण्याच्या आधी ठिबक चालू केलेलं असलं पाहिजे, सगळं कसब तिथं आहे. मार बसल्यावर धावणाऱ्याला १९० चा पिंग नडतो. तुम्ही दोन सेकंद आधीच टाकून ठेवलं असेल, तर पाव सेकंद उशीर झाल्याने कुणाचं काही बिघडत नाही. शिवाय रिज्युव्हेनेशनला उभं राहून मंत्र म्हणावा लागत नाही, पळता पळता टाकता येतं.

माझं मत: झाड.

भुसावळ जंक्शन

ताईंच्या ठिबकाशी सहमत, पण निकाल एवढ्यात लावू नका. मी सहा वर्षं टँक होतो, आता रात्रपाळीमुळे हंटर खेळतो, म्हणून दोन्ही बाजू ठाऊक आहेत.

पिंगला घाबरून अस्वल सोडू नका. १९० वर कुठला टँक चालवू नये असं विचाराल तर मी ब्लड डेथ नाइट म्हणेन. त्याचा डेथ स्ट्राइक मागच्या पाच सेकंदांत बसलेल्या माराच्या हिशोबाने रक्त परत देतो, म्हणजे मोठा दणका बसला की नेमक्या क्षणी बटण दाबायचं, आणि नेमका क्षण म्हटलं की पिंग आडवा येतो. अस्वलाचं तसं नाही. जाड कातडी, मोठं आयुष्य. मॉब अंगावर यायच्या आधी आयर्नफर घ्यायचं, ते सात सेकंद टिकतं, रेज (लढताना जमणारी ताकद) जमली की त्यावर दुसरा थर. बार्कस्किन, सर्व्हायव्हल इन्स्टिंक्ट्स ही मोठ्या दणक्यासाठी राखून ठेवायची. आगाऊ विचार करणाऱ्याला अस्वल सांभाळून घेतं.

एक सेटिंग सांगतो. स्पेल क्यू विंडो नावाचं एक मूल्य असतं, मुळात ४००, म्हणजे ४०० मिलिसेकंद. ग्लोबल कूलडाऊन, म्हणजे एका बटणानंतर पुढचं चालेपर्यंत थांबायची वेळ, संपण्याच्या आधी तेवढ्या वेळात पुढचं बटण दाबलं, तर तो हुकूम सर्व्हरकडे रांगेत लागतो आणि कूलडाऊन संपताक्षणी सुटतो. युरोपात राहणारे, २० पिंगवाले खेळाडू हे मूल्य खाली आणायला सांगतात आणि आपली पोरं त्यांचं ऐकून १०० करतात. मग हुकूम वाटेतच आणि कूलडाऊन संपलेला, प्रत्येक बटणामागे थोडा थोडा वेळ वाया. १९० वर ४०० ला हात लावू नका. कुणी तुमचं सेटिंग आधीच बदलून दिलं असेल तर परत जागेवर आणा.

तुमची खरी अडचण उठावं लागण्याची आहे. तिथं एक गोष्ट लोक विसरतात: वेग टँक ठरवतो. टँक उभा राहिला की सगळे उभे राहतात. हीलरला उठायचं असेल तर टँकला ते कळलं पाहिजे, नाहीतर तो पुढचा घोळका ओढून मोकळा होतो. मात्र भर लढाईत टँक पाच सेकंद गेला तर सात मॉब तोंड वळवून हीलरकडे जातात. ठिबकवाला पाच सेकंद गेला तर ठिबक चालू राहतं. हा फरक मोठा आहे.

पण मला तुम्हाला दुसरंच विचारायचंय. तुमच्या दुसऱ्या मार्गात वॉरियरने ढाल घ्यायची आहे. त्याला विचारलंत का? टँकचं काम अंगावर लादलं की माणूस दोन महिन्यांत खेळ सोडतो. रस्ता पाठ करायचा, कुठला घोळका टाळायचा, कुठे वळायचं, बॉसचं तोंड इतरांपासून फिरवून धरायचं, आणि चूक झाली की ती सगळ्यांना दिसते. मारणाऱ्याची चूक आकड्यांत दडते. आमच्या गटात एका चांगल्या पोराला असंच ढकललं होतं, त्यात मीही होतो. तो आता खेळत नाही आणि फोनही करत नाही. म्हणून म्हणतो, स्पेक नंतर, आधी माणसाला विचारा.

केळीबाग, सावदा

ताई, हातात घुबडाचीच काठी होती. आत्ता जाऊन बघितली.

सलग वेळ विचारलात तर दिवसपाळीच्या आठवड्यात साडेनऊ ते साडेअकरा. रातपाळीच्या आठवड्यात तेवढाच, पण ऑटो केव्हा पडेल त्याचा भरवसा नाही. कापणीच्या दिवशी अजिबात नाही, पहाटे गाडी लागते.

आणि दादा, वॉरियरला विचारलं नव्हतं. आम्ही चौघांनी बोलून घेतलं होतं, तो त्या दिवशी ऑनलाइन नव्हता. तुमचं वाचून बराच वेळ नुसता बसून होतो.

मेहरूणची बोरं, जळगाव

एवढी ओढाताण असेल तर फायनल फँटसी फोर्टीन बघा. एकाच पात्रावर सगळी कामं शिकता येतात, हत्यार बदललं की काम बदललं. फुकट चाचणी ७० लेव्हलपर्यंत चालते, तिला दिवसांची मुदत नाही. गटात काम वाटून घेण्याचा त्रास तिथं कमी होतो.

पांझराकाठ, धुळे

खेळ चांगला आहे, मीही खेळले. पण हे पाच जण दोन वर्षांपासून एका जगात राहतायत. घर बदलण्यापेक्षा खोल्या बदलणं सोपं.

सातपुडा पायथा, शहादा

याद्यांबद्दल लिहितो, कारण त्यांच्यापायी नवी पोरं फार हैराण होतात.

त्या याद्या बहुतेक वेळा सगळ्यात वरच्या पातळीच्या खेळावरून निघतात. वीस जणांची मिथिक रेड, किंवा अगदी वरच्या आकड्यांच्या किस्टोन. तिथं प्रत्येक जण आपलं काम अचूक करतो असं धरलेलं असतं, मग उरतो तो स्पेकमधला चार-पाच टक्क्यांचा फरक, आणि यादी त्याच फरकाची असते. तुमच्या-माझ्या पातळीवर एक माणूस आगीत उभा राहिला तर त्याहून मोठा फरक पडतो. शिवाय पॅचमध्ये आकडे फिरवले की यादी उलटते. कांद्याच्या आजच्या भावावर पुढच्या वर्षीची लागवड ठरवण्यासारखं ते आहे, आमच्याकडे असं करून कितीतरी जण बसलेत.

त्यापेक्षा करून बघा. जानेवारी २०२४ पासून फॉलोअर डन्जन आहेत, सोबतीला खेळाची स्वतःची पात्रं येतात. टँक व्हा, हीलर व्हा, ती कुरकुर करत नाहीत, तुम्ही थांबलात तर थांबतात. ऑटो पडला तर खुशाल विहिरीवर जाऊन या, कुणाची रात्र वाया जात नाही. तीन रात्री अस्वल, तीन रात्री झाड. वॉरियर मित्रालाही तेच सांगा. एकट्याने, कुणाच्याही नजरेसमोर नाही, असा टँक करून बघू द्या. पहिल्या टँकची भीती निम्मी नजरांची असते.

रात्री संपल्यावर डॅमेजचे आकडे बघू नका. दुसऱ्या दिवशी शेतात काम करताना डोक्यात कुठला स्पेक घोळत होता ते बघा. मी शिक्षक आहे, पोरांना विषय निवडायला हेच सांगतो: कुठल्या वहीला सुट्टीतही हात लागतो?

वॉरियरसाठी एक टीप. फ्युरी दोन मोठी हत्यारं घेतो, प्रोटेक्शनला एकहाती हत्यार आणि ढाल लागते. फ्युरी खेळत असतानाच लूट स्पेशलायझेशन प्रोटेक्शनवर लावून ठेवायचं, म्हणजे त्याच्या वाट्याची लूट टँकच्या उपयोगाची पडत जाते. तोपर्यंत तळ तयार होतो.

भुसावळ जंक्शन

गरमीचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि रात्री दहालाही भिंती तापलेल्या असतात. लॅपटॉप स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो आणि भर लढाईत पडदा अडखळतो. लोकांना वाटतं नेट गेलं. फ्रेम रेट ६० वर बांधा, सावल्या खाली आणा, लॅपटॉप गादीवर ठेवू नका, खालून हवा जाईल असा उचलून ठेवा. आणि कूलरच्या अगदी तोंडाशी धरू नका, त्या हवेत पाण्याचे बारीक थेंब असतात. माझ्या एका मशीनचा कीबोर्ड त्यातच गेला.

केळीबाग, सावदा

मंडळी, सतरा दिवसांनी लिहितोय. मध्ये कापणी होती.

आधी वॉरियरला फोन केला. टायपिंग नाही, फोन. आमच्या चौघांचं बोलणं त्याच्या मागे झालं हे सांगितलं आणि माफी मागितली. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "भो, मला पहिल्यापासून टँकच व्हायचं होतं. पॅलाडिन आधी बोलला, म्हणून मी काही बोललो नाही." दोन वर्षं आम्ही एकत्र खेळतोय! आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सगळे गावी आले होते, खापरावरच्या पुरणपोळ्या आणि रस खात तासभर याच खेळावर बोललो, तेव्हाही कुणी त्याला विचारलं नाही. मीही नाही.

प्रीस्टला शॅडो हवाच होता, त्याने तर त्याच रात्री बदलला.

मग शहाद्याच्या सरांनी सांगितलं तसं केलं. तीन रात्री अस्वल. वाईट नव्हतं, आयर्नफरचे थर चढताना मजा येते हे कबूल. पण मॉब अंगावर असेपर्यंत माझा एक कान बाहेर मोटरच्या आवाजाकडे लागलेला असायचा, आणि दोन्हीकडे नीट लक्ष लागत नव्हतं. नंतर तीन रात्री झाड. पहिल्या रात्री सगळ्यांना उशिरा टाकत होतो, पाटपाण्याची सवय डोळ्याला. दुसऱ्या रात्री एक गोष्ट जमली: टँक पुढे पाऊल टाकतो त्या पावलालाच त्याच्यावर रिज्युव्हेनेशन. लढाई सुरू व्हायच्या आधी. मग पहिल्या दणक्यालाच हिरवे आकडे वर यायला लागतात आणि आयुष्याची पट्टी खाली जाता जाता थबकते. ते बघताना मला बागेत पहाटे लॅटरल (ठिबकची नळी) उचलून बघतो तसं वाटलं, थेंब पडतोय ना, पडतोय.

परवा आम्ही पाच जण पहिल्यांदा नव्या मांडणीत किस्टोनला गेलो. आकडा छोटाच. रातपाळीचा आठवडा होता. दुसऱ्या बॉसनंतर मोटर बंद पडल्याचं ऐकू आलं. मी म्हटलं, "ऑटो पडला." वॉरियर म्हणाला, "थांबलो." घड्याळ चालू होतं, तरी तो ढाल खाली करून कोपऱ्यात उभा राहिला. मी टॉर्च घेऊन गेलो, ऑटो चढवला, मोटर धरल्याची खात्री केली आणि परत आलो. सहा मिनिटं. चौघं तिथंच होते, मामेभाऊ सगळ्यांना विचारत होता की या वर्षी आंबा कुणाकडे जास्त आलाय. उरलेलं डन्जन संपवलं तेव्हा वेळ उलटून गेली होती, म्हणजे किस्टोनचा आकडा एकाने उतरला. वॉरियरने लगेच विचारलं, "परत एकदा?"

साडेअकरा वाजले होते, म्हणून नको म्हटलं. पण नंतर कितीतरी वेळ झोप आली नाही.

आता एक प्रश्न ताईंना. वॉरियर घोळका घेतो तेव्हा पहिले चार-पाच सेकंद त्याचं आयुष्य झपकन खाली येतं, मग शील्ड ब्लॉक लागला की स्थिर होतं. मी त्या वेळात त्याच्यावर लाइफब्लूम टाकतो, पण ते फुलतं तेव्हा त्याला गरज नसते. काय चुकतंय?

पांझराकाठ, धुळे

वाचून डोळ्यांत पाणी आलं भाऊ. त्या वॉरियरला माझा नमस्कार सांगा.

लाइफब्लूम तुम्ही लढाई लागल्यावर टाकताय. ते पंधरा सेकंदांचं आहे आणि फुलतं शेवटी. घोळक्याकडे चालत जातानाच त्याच्यावर असू द्या. शेवटचे चारेक सेकंद उरलेले असताना परत टाकलं तर तेव्हाही फुलतं, आणि नवं चालू होतं. तेव्हा टँक धावत सुटण्याच्या वेळी ते संपत आलेलं असेल असं बघा आणि पहिला दणका बसला की परत टाका. फूल नेमकं गरजेच्या वेळी पडेल. तरीही खाली गेला तर स्विफ्टमेंड, ते लगेच लागतं. त्याच्यावर रिज्युव्हेनेशन असलं पाहिजे, ते तर तुम्ही आता पावलालाच टाकताय.

आणि त्याला सांगा, शील्ड ब्लॉक मॉब अंगाला भिडायच्या अर्धा सेकंद आधी दाब. भिडल्यावर दाबतो म्हणून ते पहिले चार सेकंद उघडे पडतात. तुम्ही दोघं एकदा फॉलोअर डन्जनमध्ये जाऊन नुसता पहिला घोळका दहा वेळा घेऊन बघा.

केळीबाग, सावदा

आज रात्री दिवसपाळीचा आठवडा आहे, विहिरीवर जायचं नाही. साडेनऊला दोघं जातोय.